तुरट फळांचा पंचनामा

अस्वल येऊन गेलं, त्याचं हे प्रकरण.
यामागातातली डोंगराकडेची आळी. घरं सोळा, त्यांतली नऊ बंद.
होरिएंच्या ओसाड अंगणात पर्सिमनचं झाड फळांनी वाकलेलं
आणि खोडावर नखांचे पाच ओरखडे, ताजे.
नगरकचेरीनं मला धाडलं:
फळं उतरवा, नाहीतर झाड तोडा.
फॉर्मवर दोन चौकटी. एकीत खूण करायची, परत यायचं.

शेजारच्या चिझुरुबाई शिडी धरूनच उभ्या होत्या.
"अहो ऑफिस," म्हणाल्या, "हात लांब आहेत तुमचे. चढा."
माझं नाव त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही.

वर गेल्यावर एक चावलंच मी.
जिभेचा टीपकागद झाला,
गाल आतून आवळले, दातांवर लोकर उगवली.
खाली त्या हसत होत्या, पडलेल्या दातासकट:
"तोंड आधी विचारायला उघडावं, मग खायला."

तीनशे बारा भरली.
मोजली मी. मोजणं हे माझं काम.

मग स्वयंपाकघर.
चुलीवर भात, शेजारी सलगम घातलेलं मिसोचं कढण,
पाल्यासकट, कारण पाला टाकायचा असतो हे त्या घराला ठाऊक नव्हतं.
मी गाडीत बसून क्रीमचा पाव खाणारा माणूस.
दोन वाट्या कढण प्यायलो, तिसरी त्यांनीच वाढली.

साल काढायची, देठाशी काटकीचं टोक राखायचं,
दोरीनं धरायला काहीतरी हवं.
त्यांची साल एकसंध रिबिनीसारखी उतरायची,
माझे तुकडे पडत होते.
तेही त्यांनी सुपात पसरले: वाळले की मुळ्याच्या लोणच्यात,
साखरेच्या जागी.
फळं उकळत्या पाण्यात दहा अंक मोजेपर्यंत,
बुरशी धरू नये म्हणून,
आणि वळचणीला टांगायची, एकमेकांना न शिवता.

"यांत साखर कधी घालायची?"
"कुणी मागितली?"

पुढे मी दर शुक्रवारी पाहणीला जाऊ लागलो.
फॉर्मवर पाहणीचा रकाना नव्हता.
फळं सुरकुतली, काळवंडली,
मग त्यांनी माझी बोटं धरून दाखवलं:
कानाची पाळी चोळतो ना, तेवढंच. जोर नको.
आत काहीतरी गाठीसारखं असतं, ते सैल होईतो.
इतक्या हळू मी आजवर कशालाच हात लावला नव्हता,
शिक्क्यालासुद्धा.

एका शुक्रवारी पाऊस लागून राहिला.
सगळ्या दोऱ्या आत घेतल्या, पंखा लावला,
आणि आम्ही दोघं फळांखाली वाकून वाकून चाललो,
कुणाच्या तरी घरी पाहुणे असल्यासारखे.

सहाव्या आठवड्यात त्यांच्यावर पांढरं आलं.
मला वाटलं, गेली. बुरशी.
त्यांनी एक माझ्या हातावर ठेवलं.
ती साखर होती. आतली, तिची तीच बाहेर आलेली.
शिडीवर मला रडवणारं हेच ते फळ,
आता जिभेवर मधासारखं, पण मधाहून सावकाश.
मी विचारलं, तुरटपणा कुठे गेला?
"जायचा कुठे? आतच आहे. फक्त गप्प बसलाय."

पहिली आठ वर्तमानपत्रात गुंडाळून सेन्दाईला गेली,
वृद्धाश्रमात, होरिएबाईंकडे.
"मला ओळखत नाही ती आता,
फोनवर ताई म्हणते, कधी डॉक्टर.
झाडाला ओळखेल."
ओळखलं का, ते मी नंतर विचारलं नाही.
त्यांनीही सांगितलं नाही.
पुढच्या आठवड्यात मात्र आणखी आठ गेली.

फॉर्म माझ्या खणात डिसेंबरपर्यंत पडून होता.
शेवटी पहिल्या चौकटीत खूण केली,
आणि खाली शेऱ्यात, पेन्सिलीनं:
फळे उतरवली. झाड शाबूत.
शेंड्यावरची दोन पाखरांसाठी ठेवली आहेत.
अस्वलास कळवलेले नाही.